खूप गोष्टी आवडतात, मग पोटापाण्यासाठी कोणती धरावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, चित्रं काढता, कोडिंग जमतं, सुट्टीच्या दिवशी सोलापूरजवळच्या नान्नजला पक्षी बघायला जाता, सात वर्षं तबला शिकलात. मित्र अभ्यासिकेत बसतात म्हणून एमपीएससीचाही विचार येतो. घरचे म्हणतात, "एक काहीतरी धर." आणि तुम्ही विचारताय, नेमकं काय धरू?

मीही सोलापूरचीच. वय 46. पंचवीसेक वर्षं चादरी आणि टॉवेलच्या नक्षीचं काम करते. बारावीत असताना मला गणित आवडायचं, चित्रं आवडायची, गाणं शिकत होते आणि शेजारच्या काकूंकडून तेलुगू. आम्ही शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत राहायचो, त्यामुळे तेलुगू अंगणातच होती. घरी येणारं प्रत्येक माणूस मला "एक ना धड, भाराभर चिंध्या" ऐकवून जायचं. त्या म्हणीचा मला फार त्रास झालाय, म्हणून तुमच्या प्रश्नाला नुसतं "मनाचं ऐका" असं उत्तर मी देणार नाही.

1998 सालची गोष्ट. सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती. आई आजारी होती म्हणून वडिलांचा डबा घेऊन मी पहिल्यांदा शेडवर गेले. वडील यंत्रमागावर होते. शेडला लागून एक लहान खोली होती, तिथे नक्षी काढणारे काका बसायचे. त्यांच्यासमोर चौकटींचा मोठा कागद आणि त्यावर लाल रंगाने भरलेला मोर. त्यांनी मला समजावून सांगितलं: उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. प्रत्येक आडव्या ओळीचं पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथे चौकट भरलेली, तिथे कार्डाला भोक. भोक असलं की जकार्डाचा, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राचा, हुक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा धागा उचलला जातो आणि खालून बाण्याचा धागा घेऊन धोटा निघून जातो. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने एकमेकांना बांधून त्यांची माळ मागावर चढवायची.

त्या दिवशी मोराच्या डोळ्याजवळचं एक भोक चुकलं होतं. एकच भोक, पण चादरीवरच्या प्रत्येक मोराच्या डोळ्याखाली तोच पांढरा ठिपका येत होता. काकांनी माळ उतरवली आणि चुकलेलं कार्ड शोधायला बसले. मी शेजारी बसून कागदावरच्या ओळी मोजायला लागले. दीड तास गेला. वडील जेवून परत मागावर उभे राहिले, तरी मी मोजतच होते.

कुणी मला तेव्हा "तुला काय आवडतं?" विचारलं असतं, तर मी चित्र किंवा गाणं म्हटलं असतं. ओळी मोजायला आवडतात, हे माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं. पण माझा व्यवसाय त्या मोजण्यात होता.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचंय: प्रत्येक आवडीच्या पोटात एक हमाली असते. आवड जडते ती त्या कामातल्या चांगल्या अर्ध्या तासावर. नोकरी मात्र उरलेल्या साडेसात तासांची असते. आपल्याला कोणती हमाली टोचत नाही, ते बघा.

आता तुमच्या एकेका आवडीकडे या नजरेने बघू. नान्नजला पहाटे गवताच्या कडेला दुर्बीण घेऊन बसण्यात सुख आहे. पण ज्या माळढोकासाठी ते अभयारण्य केलं, तो आता तिथे दिसणंही दुर्मीळ झालंय. या क्षेत्रात काम करायचं म्हणजे मे महिन्याच्या उन्हात ठरलेल्या वाटेने चालायचं, नोंदी करायच्या, संध्याकाळी आकडे भरायचे आणि कित्येक दिवस "काही दिसलं नाही" असंच लिहायचं. ते लिहितानाही तुम्हाला ते काम महत्त्वाचं वाटेल का? कोडिंगमध्ये स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालला की आनंद होतो, पण पगार बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधली चूक शोधण्याचा असतो. चित्रांचं तर मी स्वतः भोगलंय. माझ्या हातून उतरलेला सगळ्यात सुंदर मोर मालकांनी तीन वेळा बदलायला लावला आणि शेवटी तिथे कमळ आलं. गिऱ्हाइकाला कमळ हवं होतं. दुसऱ्याच्या पसंतीचं कमळही मन लावून काढता येत असेल, तर चित्रकला पोटापाण्याला घ्या. नसेल, तर तिला नोकरीपासून लांब ठेवा. घरी ती जास्त सुखात राहील.

एमपीएससी तुमच्या प्रश्नात आवड म्हणून आलेली नाही, मित्रांमुळे आली आहे. राज्यसेवेला खुल्या गटासाठीही 38 वर्षांपर्यंत वय चालतं. ते दार आज बंद होत नाही, तेव्हा घाबरून आत शिरू नका.

आणखी एक. आवडी घरात बसून एकमेकींशी जुळत नाहीत, कामाच्या जागी जुळतात. नक्षीचा रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जकार्डाच्या हुकांच्या संख्येत बरोबर बसवायचा तर भागाकार लागतो, तिथे माझं गणित आलं. कार्डं पाडणाऱ्यांशी, विणकरांशी बोलायचं तर तेलुगू आली. पुढे कागदाच्या जागी संगणक आला, तेव्हा पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे एक धागा हे समजायला मला एक दिवसही लागला नाही. तुम्ही कोडिंग करता म्हणून सांगते: जकार्ड यंत्र फ्रान्समध्ये 1804 च्या सुमाराचं, आणि 1890 च्या अमेरिकी जनगणनेची मोजणीसुद्धा भोकं पाडलेल्या कार्डांवरच झाली. चित्र आणि कोड तुम्हाला दोन टोकं वाटतात, पण आमच्या धंद्यात ती एकाच टेबलावर असतात. एखाद्या दिवशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळख काढून एखादं डिझाइनचं काम बघून या. ते पसंत पडेलच असं नाही, पण खोलीत बसून केलेल्या यादीपेक्षा जास्त कळेल.

माझी आजी वाकळ शिवायची. आधी एक अख्खं जुनं लुगडं खाली अंथरायची, मग त्यावर तुकडे मांडायची. खालचं लुगडं अखंड असलं की वर कितीही रंगांचे तुकडे चालायचे; नुसते तुकड्याला तुकडे जोडले तर एका पावसाळ्यात वाकळ उसवायची. तुम्हाला एकच आवड ठेवायची नाहीये, खाली अंथरायला एक अखंड काम हवंय. बीएस्सी मध्येच सोडू नका, हे त्यातच आलं. दुसरं काही शिकावंसं वाटलं तर 2022 पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. एक कॉलेजात आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून करता येते.

तबल्याबद्दल मात्र काकुळतीने सांगते. सगळ्या आवडी सारख्या थांबत नाहीत. पक्षी पाच वर्षांनीही बघता येतील, चित्र दहा वर्षांनी परत हातात घेता येईल. हाताची आणि गळ्याची विद्या आपली वाट बघत थांबत नाही. नोकरी लागल्यावर मी गाणं "थोडे दिवस" बाजूला ठेवलं, त्याची आठ वर्षं झाली. परत बसले तेव्हा तार सप्तकात आवाज चढेना. अजूनही चढत नाही, आणि त्याचं दुःख मला आजही आहे. करिअर काहीही निवडा, रोज अर्धा तास रियाज ठेवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा नोकरी सांभाळूनही देता येतात. त्यातल्या विशारद परीक्षेचं ध्येय ठेवलंत तर हात बसून राहणार नाहीत.

घरच्यांशी बोलताना "मला सगळंच आवडतं" असं म्हणू नका. त्या वाक्याने आईवडील घाबरतात. काय करणार आणि कधीपर्यंत, ते सांगा. मी वडिलांना म्हटलं होतं, "कॉलेज सोडत नाही. दुपारनंतर काकांकडे बसते. सहा महिन्यांत एक अख्खी नक्षी स्वतः कार्डावर उतरवून दाखवते. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल ते."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तर मग डबा रोज तूच आणत जा."