पोच घेतलीत का?

प्रश्न : काकू, नमस्कार. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटार तुंबतं. पाऊस लागला की पाणी उंबऱ्याला. नगरसेवकांना तीनदा सांगितलं. गल्लीतल्या ५२ जणांच्या सह्या घेऊन मराठीत अर्ज दिला, दोन महिने झाले. कन्नड नाही म्हणून बाजूला टाकला असेल का? आणि वॉर्ड समिती म्हणतात ती काय भानगड आहे?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : आधी मला सांगा, पोच घेतलीत का? तुमच्या पत्रात सह्या मोजून लिहिल्या आहेत, आवक क्रमांक मात्र कुठेच नाही.

मी २८ वर्षं एका पालिकेच्या आवक-जावक टेबलावर काढली. एकदा असंच मोठं निवेदन आलं होतं. थेट साहेबांच्या हातात दिलं, फोटो काढले, मंडळी खूश होऊन गेली. संध्याकाळी ते कागद कपाटावर, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. माझ्या रजिस्टरला ते कधी आलेच नाहीत, मग फाईल कसली होणार? साहेबांना जरूर भेटा, पण अर्ज आधी टेबलावर द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

भाषेचं म्हणाल, तर मराठीतून कागद मिळावेत हा आपला झगडा जुना आहे आणि तो सोडा असं मी सांगणार नाही. पण पाणी उंबऱ्याला लागलंय. कन्नड शाळेत जाणारी एखादी पोर गल्लीत असेलच, तिच्याकडून अर्धं पान लिहून घ्या आणि मराठीला जोडा. त्यात ‘फार त्रास होतो’ हे लिहू नका. जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहा, पाणी किती वेळ साचतं ते लिहा, शेवटची सफाई कधी झाली ते लिहा.

आता थोडं कडू. त्या ५२ सह्यांतल्या किती जणांनी गटारीवर फरशी टाकून दुचाकी लावलीय? आमच्या गल्लीत सात फरश्या निघाल्या, त्यातली एक माझ्या दिराची. पौरकार्मिक, म्हणजे पालिकेचे सफाई कामगार, फावडं घेऊन यायचे, जिथे उघडं तिथे काढायचे आणि जायचे. फरशीखाली सुताचे गुंते, वाळू, प्लास्टिक गच्च. गल्लीच्या पंचांनी रविवारी माणसं लावून फरश्या बाजूला केल्या, मुकादमाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, मंगळवारी गाडी आली. दीर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मात्र बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी शिवारात घुसतं, ते मुकादमाच्या हातातलं नव्हे. तो विषय या अर्जात घुसडू नका, त्याचा अर्ज वेगळा.

वॉर्ड समितीचं मूळ ७४व्या घटनादुरुस्तीत आहे. ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत अशा समित्या हव्यात असं तिने सांगितलं. कर्नाटकच्या महापालिका कायद्यात प्रत्येक वॉर्डाला समिती आहे : नगरसेवक अध्यक्ष आणि दहा नेमलेले सदस्य, त्यात किमान तीन बायका आणि रहिवासी संघटनांचे किमान दोन. बेळगावात ५८ वॉर्ड आहेत. तुमच्या वॉर्डाची समिती आहे का, तिची बैठक कधी होते, हे लेखी विचारा. नसेल तर पंचमंडळींनी संघटनेची रीतसर नोंदणी करून ठेवावी, म्हणजे नेमणुकीच्या वेळी तुमचं नाव पुढे करता येईल.

‘सकाल’मध्ये तक्रार करू का, असं बरेच जण विचारतात. (पेपर नव्हे हो, कन्नडमध्ये सकाल म्हणजे वेळेवर; मुदतीत सेवा देण्याची कर्नाटक सरकारची योजना.) ते दाखले, खाता उतारे (मिळकतीच्या नोंदीचे) अशा ठरलेल्या सेवांसाठी. मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० मिळतात. गटारीला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला माहिती अधिकार बरा : १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. तुमच्या गल्लीच्या सफाईच्या नोंदींची प्रत मागा. एका अर्जात एकच विषय, आणि दीडशे शब्दांच्या आत, कर्नाटकात तसा नियम आहे.

उद्या दुसरी प्रत घेऊन टेबलावर जा. जेवणाच्या सुट्टीआधी जा, नंतर शिक्का सापडत नाही. क्रमांक मिळाला की मला कळवा.