रँचवर (गुरं-घोडे पाळतात त्या मोठ्या फार्मवर) कामाला राहायला जातोयस? मग हे वाच
काम संपल्यावर करायचं काय हा प्रश्न तिकडे लवकरच पडतो बघ. नेटच्या भरवशावर राहू नको, पिक्चर-गाणी आधीच डाउनलोड कर. सुट्टीत घोडा मिळतो का ते विचारून घे, बऱ्याच ठिकाणी रँचवर फिरायला आलेल्या पाहुण्यांचा नंबर आधी आणि घोड्यालाही आराम लागतोच ना, आणि हो बूट टाचेचेच घे, पाय रिकिबीतून आरपार जात नाही. रात्री तारे बघायचे तर मोबाइल खिशातच, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20-30 मिनिटं लागतात, एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून. टॉर्च लागलाच तर लाल उजेडाचा, तोही मंद. सुट्टीच्या दिवशी खोलीत लोळू नको, कुणाची गाडी गावात निघाली की सरळ बस त्यात, नाहीतर कुणीतरी हाक मारून कामाला लावतंच.