सर्दीचाच ताप, मग लघवी कशाला तपासायची?

प्रश्न : बाळ 6 आठवड्यांचं आहे, काल रात्री 101 ताप आला. मोठीला शाळेतून सर्दी आलीये, तिचीच लागली असणार. तरी डॉक्टरांनी रक्त नि लघवी तपासायला लावली, लघवी तर नळी घालून घेतली. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला उगाच त्रास. खरंच गरज होती का?

उत्तर : होती हो. बहुतेक वेळा असा ताप व्हायरलच निघतो, सासूबाईंचं तेवढं बरोबर आहे, पण 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्याच्या वर ताप म्हणजे डॉक्टर गाठायचाच, कारण या वयात बॅक्टेरियाचं इन्फेक्शन बाहेरून ओळखूच येत नाही, आणि त्यातलं सगळ्यात जास्त सापडतं ते लघवीचंच. नाक वाहतंय म्हणून ते नाही असं होत नाही, दोन्ही एकदम असू शकतात. पिशवी लावून घेतलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) चुकतं, म्हणून नळी. बघवत नाही हे मान्य! कल्चरचा रिपोर्ट यायला दोनेक दिवस लागतात, तोवर मनानं पॅरासिटामॉल देऊ नका, आणि दूध ओढेना, सारखं झोपूनच राहिलं, छाती आत ओढली जायला लागली तर रात्री 2 वाजले असले तरी निघा.