विसरता किती? त्याआधी, विसरता कधी?

“मॅडम, सरळ सांगा, डिमेन्शियाची सुरुवात आहे ना ही?” खुर्चीत नीट बसायच्या आतच त्यांनी विचारलं. वय 68, उभी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. आता पासवर्ड आठवत नाही, बोलताना शब्द अडतो, परवा तर जावयाचं नाव ओठांवर येऊन थांबलं.

साठी ओलांडलेली माणसं ही भीती घेऊन नेहमी येतात. आधी डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बी-12 तपासून घेतलं, दोन्ही ठीक. मग एक वही दिली. काय विसरलात ते लिहा, पण आधी घड्याळ बघून वेळ लिहा.

दोन आठवड्यांनी वही आली. रकाने पट्टीने आखलेले! 17 नोंदी, त्यातल्या 13 संध्याकाळी सहानंतरच्या. आणि पहिल्या दोन्ही भेटी मीच त्यांना साडेसहाच्या देऊन ‘बरेच गोंधळतात’ असं टिपून ठेवलं होतं.

मग संध्याकाळीच का? यात कॉर्टिसॉलचा हात असू शकतो. त्याला आपण ताणाचं संप्रेरक म्हणून बदनाम केलंय, पण सकाळी आपल्याला उभं करण्यात त्याचाच हात असतो. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला पोचतं, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. वय वाढतं तशी ही उतरण सपाट होते. रात्री ते पूर्वीइतकं खाली जात नाही, आणि चक्रही थोडं अलीकडे सरकतं. मेंदूतल्या, आठवणींचं काम बघणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागावर त्याचा चटकन परिणाम होतो. ‘आता पुरे’ म्हणून ते आवरणाऱ्यांतही हिप्पोकॅम्पस असतोच; वयाबरोबर हा लगाम सैल पडतो. त्यात ताणाने कॉर्टिसॉल चढलं, की डोक्यात असलेलंच वेळेवर बाहेर येत नाही.

“मग कॉर्टिसॉल तपासू का?” त्यांनी लगेच विचारलं. मी नको म्हटलं. सकाळच्या एका आकड्यावरून दिवसभराची लय कळत नाही. त्यासाठी दिवसातून अनेकदा लाळेचे नमुने घ्यावे लागतात. आणि सपाट लयीचा विस्मरणाशी संबंध दिसला, तरी तेवढ्यावरून कुणाला डिमेन्शिया ठरवता येत नाही.

“रात्री नऊला काय करता?” यावर ते जरा घुटमळले. भावाशी वाटणीवरून वाद, तो फोनवर, रोज. फोन ठेवला की बँकेची कामं. झोप उडालेली, म्हणून दुपारी दोन तास अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं.

फोन आणि बँक दोन्ही सकाळी दहावर आणलं. उठल्यावर उजेडात फेरी, दुपारची झोप अर्ध्या तासाची. फोनसाठी मात्र भाऊ तयार व्हायला तीन आठवडे लागले. ओळखीचा रस्ता चुकला, किंवा सकाळीही तसाच गोंधळ व्हायला लागला, तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, हेही बजावलं.

दीड महिन्याने दोन आठवड्यांच्या नोंदी 6 वर आल्या. पासवर्ड अजूनही जातो. “तो तर हिलाही आठवत नाही,” ते हसून म्हणाले.

सहा महिन्यांनी स्मरणचाचणी करायची आहे. वहीत वेळ त्यांनीच लिहून घेतली: सकाळी साडेदहा.