चौथ्या खेपेची बाळंतीण

चि. पोरी, आशीर्वाद.

आशाताई म्हणून तुला मिळालेल्या वस्तीत चार-पाच लेकरांच्या आया बऱ्याच आहेत, म्हणून हे लिहिते. पहिलटकरणीचे सगळे लाड होतात. इतवारी बाजारातून डिंक-खारीक येते, मालिशवाली लागते, सव्वा महिना तिला उठू देत नाहीत. चौथ्या खेपेला तीच बाई पाचव्या दिवशी धुणं घेऊन बसलेली दिसेल. सासू म्हणेल, 'तिला काय, सवय आहे.' अगं, पुन्हापुन्हा ताणलेलं गर्भाशय थकतं. वार पडल्यावर ते नीट आवळलं नाही की रक्त थांबत नाही.

म्हणून घरभेटीत बाळाच्या वजनाचा काटा पिशवीतून काढण्याआधी आईला अंगावरून किती जातं ते विचार, पॅड बघ. तासाभरात पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, तर कोणाच्या परवानगीसाठी थांबू नकोस, १०८ ला फोन लाव. ताप किंवा घाण वास असेल तरी दवाखानाच.

बाळ छातीला लावलं की पोटात कळ येते, आणि ती दर बाळंतपणाला वाढते. घाबरून पाजणं टाळणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. गर्भाशय आकसतंय म्हणून कळ येते, दोन-चार दिवसांत ओसरते, हे समजावून सांग. पाजायच्या आधी लघवीला जाऊन आली तर त्रास कमी होतो.

अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिश, यांच्याशी भांडू नकोस. पाणी तोडणं आणि दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवणं मात्र अडव. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत पाजणाऱ्या बाईला घोटभर पाणी मोजून देतात, तेव्हा माझा जीव जळतो. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू कोंडतो; त्यात माय-लेकरू दोघांचाही जीव जाऊ शकतो.

लोहाच्या गोळ्या १८० दिवस, चहासोबत नाही. 'खाल्ली का?' असं विचारू नकोस; गोळ्यांचं पाकीट हातात घे नि रिकामी घरं मोज.

४२ व्या दिवसाच्या भेटीत तिच्याशी एकटीशी बोल. खाली काही उतरल्यासारखं वाटतं का, खोकताना लघवी सुटते का, हे सासूपुढे कोणी सांगत नाही. पुढचं मूल हवं की नको, तेही तेव्हाच विचार. ती नको म्हणाली तर कुटुंबनियोजनासाठी बायकांच्या सरकारी डागा दवाखान्यात तिच्यासोबत तू स्वतः जा.

तुझी,
मावशी