चीज स्कोन चपटे आणि चामट का होतात?

तुम्ही लिहिले आहे की घरी केलेले चीज स्कोन (बेकिंग पावडरने फुगवलेले छोटे, पावासारखे पदार्थ) फुगत नाहीत, गार झाले की चामट लागतात, आणि भरपूर चीज घालूनही त्याची चव जाणवत नाही. कृती तंतोतंत पाळूनही असे का होते, हा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते दोष बहुधा कृतीत नसावा. दूध ओतल्यापासून ट्रे ओव्हनमध्ये जाईपर्यंतच्या चार-पाच मिनिटांत पीठ किती हाताळले जाते आणि किती जाड ठेवले जाते, यावर स्कोनचे फुगणे आणि हलकेपणा जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असतो. चवीचे कारण मात्र वेगळे आहे, त्याकडे नंतर येतो.

मी वापरतो ते प्रमाण आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. 250 ग्रॅम मैदा, तीन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, एक छोटा चमचा मोहरीची पूड, पाव चमचा लाल तिखट, 60 ग्रॅम थंड बिनमिठाचे बटर, 125 ग्रॅम किसलेले चीज आणि साधारण 150 मिलिलिटर थंड दूध. यात सहा सेंटिमीटर व्यासाचे सात-आठ स्कोन होतात. काही कृतींमध्ये पिठातच अंडे घालतात. त्याने रंग चांगला येतो, परंतु आतला पोत केककडे झुकतो, म्हणून मी अंडे फक्त वरून लावण्यापुरते वापरतो.

मैदा, बेकिंग पावडर, मीठ, मोहरी आणि तिखट एकत्र चाळून घ्यावे. बेकिंग पावडर जुनी असेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात, म्हणून शंका असल्यास अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. ती लगेच जोरात फसफसली पाहिजे. त्यानंतर थंड बटरचे लहान तुकडे मैद्यात टाकून ते बोटांच्या टोकांनी, तळव्याचा स्पर्श होऊ न देता, मिश्रण रवाळ दिसेपर्यंत चोळावे. येथे थंडपणाचा आग्रह उगाच धरलेला नाही. बटरमध्ये साधारण सहावा हिस्सा पाणी असते. बटरचे बारीक कण घट्ट अवस्थेत ओव्हनमध्ये पोहोचले, तर ते तिथे वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाला आतून उचलून धरते. हेच बटर हाताच्या उबेने आधीच वितळले, तर ते मैद्यात मुरून जाते, पोकळी तयार होत नाही आणि स्कोन दाट होतो. स्वयंपाकघर उबदार असेल तर मैद्याचे भांडे पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावे, किंवा गोठवलेले बटर सरळ किसून मैद्यात मिसळावे. ही दुसरी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात बोटांचे काम फारच थोडे उरते.

आता या मिश्रणात किसलेल्या चीजपैकी सुमारे 90 ग्रॅम हलक्या हाताने मिसळून मध्यभागी खळगा करावा आणि त्यात बहुतेक सगळे दूध एकदम ओतावे. दूध थोडे थोडे घालत पीठ भिजवण्याची सवय येथे घातक ठरते, कारण प्रत्येक वेळी पुन्हा ढवळावे लागते आणि ओल्या मैद्याला जितके ढवळावे तितके त्यातले ग्लुटेन (मैद्यातले ताणले जाणारे प्रथिन) ताणले जाऊन चिवट होते. सुरीच्या पात्याने किंवा पसरट चमच्याने आठ-दहा वेळा फिरवून पीठ जेमतेम एकत्र आणावे. कोरडा मैदा तळाशी दिसला तरच उरलेले दूध शिंपडावे. पीठ हाताला किंचित चिकटणारे, वरून खडबडीत आणि विस्कळीत दिसणारे असावे. ते गुळगुळीत दिसू लागले, तर ते गरजेपेक्षा जास्त मळले गेले आहे असे समजावे. कोरडे, नीटनेटके पीठ हाताळायला सोपे असते खरे, पण सैल पिठातून अधिक वाफ निघते आणि स्कोन अधिक हलका होतो, म्हणून चिकटपणाचा हा त्रास मी आनंदाने सोसतो.

हा गोळा मैदा भुरभुरलेल्या ओट्यावर काढून दोन-तीनदा घडी घालावी आणि हातानेच थापून अडीच ते तीन सेंटिमीटर जाडीचा करावा. तुमच्या चपट्या स्कोनचे मुख्य कारण मला येथेच दिसते. एक सेंटिमीटर जाडीचे पीठ ओव्हनमध्ये दुप्पट होईल अशी आशा अनेकजण धरतात, परंतु स्कोन तेवढा फुगत नाही. उंच स्कोन हवा असेल तर तो कच्चा असतानाच उंच असला पाहिजे. शक्यतो लाटणे वापरूच नये. कटर मैद्यात बुडवून सरळ खाली दाबावा आणि सरळच वर उचलावा, कारण तो फिरवला की कडा पिळल्या जाऊन बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलंडून फुगतो. उरलेल्या कडा एकत्र करून पुन्हा थापलेले स्कोन थोडे कमी फुगतात, म्हणून ते टाळायचे असल्यास पिठाचा जाड चौकोन करून सुरीने चौकोनीच तुकडे कापावेत. स्कोन ट्रेवर एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवावेत, म्हणजे ते पसरण्याऐवजी वर चढतात. वरून दूध किंवा फेटलेले अंडे लावताना ते बाजूंवर ओघळू देऊ नये. ओघळ वाळला की ती बाजू ट्रेला धरून ठेवते आणि फुगण्याला अडथळा येतो. उरलेले चीज सर्वांत शेवटी वर पसरावे.

ओव्हन 220 अंशांवर, आत पंखा असल्यास 200 अंशांवर, पूर्ण तापलेला असावा. बेकिंग पावडर ओली होताच काम सुरू करते, त्यामुळे कापलेले स्कोन बाहेर ठेवून ओव्हन तापण्याची वाट पाहणे योग्य नाही. कमी आंचेवर बटर आधी वितळून बाहेर येते आणि पिठाचा सांगाडा नंतर आकार धरतो. चपटेपणाचे हे दुसरे मोठे कारण आहे. बारा ते पंधरा मिनिटांत वरचे चीज तांबूस होते, बाजूंना पदर सुटलेले दिसतात आणि खालची बाजू सोनेरी होते. चीज फारच लवकर काळपट होऊ लागले तर वर फॉइल सैलसर ठेवावे, पण तापमान घाईने उतरवू नये.

चवीविषयी माझे मत ठाम आहे. चीज किती घातले यापेक्षा ते किती मुरलेले आहे हे अधिक महत्त्वाचे असते. मुरलेल्या चेडरमध्ये ओलावा कमी असतो आणि मुरण्याच्या काळात त्यातली प्रथिने व स्निग्धांश विघटित होऊन तीव्र चव तयार झालेली असते. ती चव मैदा आणि दुधाच्या सौम्यपणातूनही जाणवते. मोझरेला ओलसर आणि दुधाळ चवीचे असते, म्हणून ते तार देते, परंतु स्कोनमध्ये त्याची चव हरवून जाते. प्रोसेस्ड चीज एकसारखे वितळावे यासाठीच बनवलेले असते आणि चवीला सौम्य असते. तेच हाताशी असेल तर त्यातले 25-30 ग्रॅम काढून त्याजागी पार्मेझानसारखे कडक चीज घालावे आणि प्रमाणात दिलेले मीठ वगळावे. नुसते चीज वाढवत नेल्यास स्निग्धांश वाढतो, स्कोन जड होतात आणि पसरतात. तुमच्या बाबतीत दोन्ही तक्रारी एकदम आल्या त्यामागे हेही कारण असू शकते. मोहरीची पूड मात्र गाळू नये. तिची वेगळी चव लागत नाही, पण तिच्या झणक्याने चीजचा खारट-आंबटपणा उठून दिसतो. चीज घरी जाडसर किसावे, कारण तयार किसलेल्या चीजला तुकडे चिकटू नयेत म्हणून पिठूळ लेप दिलेला असतो आणि जाड कीस वितळल्यावर आत चीजचे छोटे कप्पे राहतात.

दुधाऐवजी दाट ताक घेतल्यास पोत आणखी मऊ होतो. अशा वेळी एक चमचा बेकिंग पावडर कमी करून पाव चमचा खायचा सोडा घालावा, जो ताकातल्या आम्लाशी मिळून तितकेच फुगवण्याचे काम करतो. निम्म्यापर्यंत कणीक वापरता येते, पण कोंडा पाणी शोषत असल्याने दूध एक-दोन मोठे चमचे वाढवावे लागते.

गार झाल्यावर चामट लागण्याबाबत एक गोष्ट मान्य करावी लागेल, ती ही की चांगला स्कोनही दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. ओव्हनमध्ये 160 अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवल्यास तो बराचसा पूर्ववत होतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र क्षणभर मऊ होऊन लगेच चिवट बनतो. एका वेळी दोघा-तिघांपुरतेच हवे असतील, तर भाजलेले साठवण्यापेक्षा कापलेले कच्चे स्कोन ट्रेवर सुटे गोठवावेत, मग पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि लागतील तेवढेच काढून, वितळू न देता, तीन-चार मिनिटे जास्त भाजावेत.