गिटारचा जड व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेतल्याचा पुढे पश्चात्ताप होतो का?

आवाजाचा नाही होत, वजनाचा होतो. माझ्याकडे नऊ वर्षं फेंडर ट्विन रिव्हर्ब आहे, १९६५च्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती (रीइश्यू). ८५ वॅट, १२ इंची दोन स्पीकर, वजन साधारण २९ किलो. हे वजन मुख्यतः स्पीकरच्या चुंबकांचं आणि ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचं. हँडल वर मधोमध एकच, त्यामुळे जिन्यात अ‍ॅम्प प्रत्येक पायरीला गुडघ्यावर आपटतो. तिसऱ्या मजल्यावर एकट्याने चढवायला जाऊ नका, माझी कंबर त्यातच धरली होती.

घरात व्हॉल्यूम दोनच्या वर नेता येत नाही. पण दोनवरसुद्धा हळू छेडलेली तार आणि जोरात मारलेली तार यांतला फरक जसा ऐकू येतो, त्यासाठी मी तो अजून विकलेला नाही.

ट्विनमध्ये ६एल६ जातीचे चार पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणाऱ्या नळ्या) असतात. ते जुळवलेलेच, म्हणजे सारख्या मोजमापाचे, घ्यावेत आणि बदलल्यावर बायस (व्हॉल्व्हमधून सतत वाहणाऱ्या प्रवाहाची पातळी) जाणकाराकडूनच लावून घ्यावा. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) अ‍ॅम्प बंद केल्यावरही जीवघेणा विद्युतदाब राहतो, स्वतः उघडू नका. एखाद्या व्हॉल्व्हची आतली धातूची पट्टी लालभडक दिसली तर लगेच बंद करा.

पहिलाच व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर फेंडरचाच २२ वॅटचा डीलक्स रिव्हर्ब बघा. वॅट जवळपास चौपट कमी, पण कानाला आवाज तेवढा कमी वाटत नाही आणि एका हाताने उचलता येतो.